वर गेला नाही म्हणजे वाया गेला?

आपल्याकडे खेळणाऱ्या मुलाबद्दल एकच प्रश्न विचारतात: "कुठपर्यंत गेला?" जिल्ह्यापर्यंत, राज्यापर्यंत की भारतापर्यंत? भारतापर्यंत गेला तर चौकात फ्लेक्स लागतो. नाही गेला तर "चार वर्षं फुकट घालवली की हो पोरानं" असं म्हणून विषय संपतो. किती वर्षं खेळला, कसा खेळला, संघाच्या किती उपयोगी पडला, हे विचारायची पद्धतच नाही. लग्नाच्या बैठकीत तर "खेळतो" हे उत्तरच धरत नाहीत. "ते ठीक आहे हो, पण करतो काय?" म्हणून पुन्हा विचारतात.

मला या प्रश्नाचाच राग आहे. नुसता राग काय कामाचा, म्हणून आज एक माणूस साक्षीला उभा करते.

माझा साक्षीदार इंग्लंडचा. नाव डीन लुईंग्टन. बेळगावात हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल, आणि त्याच्या देशातही तो रस्त्याने चालला तर गर्दी जमणार नाही. जन्म १९८४ चा. डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणजे लेफ्ट बॅक. प्रीमियर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा शर्ट त्याच्या अंगावर कधी चढला नाही. आपल्या हिशेबाने हा 'वर न गेलेला' माणूस. पण डिसेंबर २०२३ मध्ये याच माणसाने एका क्लबाकडून इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रम आपल्या नावावर केला. आधीचा आकडा होता ७७०. तो स्विंडन टाउनच्या जॉन ट्रॉलप यांचा. ते १९६० ते १९८० अशी वीस वर्षं खेळले, आणि गंमत म्हणजे तेही लेफ्ट बॅकच. त्यांचा विक्रम चाळीस वर्षांहून जास्त टिकला. तो मोडणारा लुईंग्टन २०२५ मध्ये, चाळिशी गाठून मगच थांबला.

आता ही शिडी समजून घ्या, कारण माझं सगळं भांडण शिडीवरूनच आहे. इंग्लंडमधल्या मोठ्या व्यावसायिक क्लबांच्या चार श्रेणी. सगळ्यात वर प्रीमियर लीग, तिच्यात २० क्लब. आपली मुलं रात्री जागून बघतात ती हीच. तिच्या खाली चॅम्पियनशिप, तिच्या खाली लीग वन, तिच्या खाली लीग टू. प्रत्येकीत २४ क्लब. सगळे मिळून ९२. खालच्या तिन्ही श्रेणींत प्रत्येक क्लबाला एका मोसमात ४६ सामने. ऑगस्टपासून मेपर्यंत, पावसात, चिखलात, शनिवारी दुपारी आणि पुष्कळदा मंगळवारी रात्रीसुद्धा. जिंकत राहिलात तर वर, हरत राहिलात तर खाली, आणि ही ये-जा दरवर्षी चालू. वरचे २० जगाला ठाऊक असतात. खालच्या ७२ क्लबांवर कितीतरी खेळाडू आपला संसार चालवतात, मुलांच्या शाळेची फी भरतात, घराचे हप्ते फेडतात. टीव्हीवर त्यांची नावं येत नाहीत, एवढंच.

लुईंग्टनची सुरुवात झाली विम्बल्डन क्लबात. टेनिसमुळे आपल्याला माहीत असलेलं लंडनचं उपनगर ते हेच. वडील रे लुईंग्टन स्वतः खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक, तेव्हा फुटबॉल घरातच होता. २००२-०३ च्या मोसमात पोरगा पहिल्या संघात आला, आणि आला तो नेमका भांडणात सापडला. मालकांनी क्लबच उचलून मिल्टन कीन्स नावाच्या नव्या वसवलेल्या शहरात न्यायचं ठरवलं होतं. २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००३ मध्ये क्लब गेला, २००४ मध्ये नावही बदलून मिल्टन कीन्स डॉन्स झालं. विम्बल्डनच्या चाहत्यांनी चिडून स्वतःचा वेगळा क्लब काढला, आणि तळापासून चढत चढत २०११ मध्ये तो लीगमध्ये आणून दाखवला. त्या चाहत्यांची बाजू न्यायाची होती, असंच मला वाटतं. कोल्हापुरातली एखादी पेठेची तालीम उद्या कुणी उचलून दुसऱ्या शहरात नेली, तर पेठ गप्प बसेल काय?

पण त्या एकोणीस वर्षांच्या पोराला यातलं कुणी काय विचारलं होतं? त्याने क्लब बदलला नव्हता. क्लबाचंच गाव बदललं होतं. पुढे कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या मैदानांवर त्याच्या संघाला या स्थलांतरावरून बोल ऐकावे लागले. त्याने आपली डावी बाजू धरून ठेवली.

आणि नशीब तरी किती वेळा वरखाली व्हावं! २००६ मध्ये क्लब चौथ्या श्रेणीत घसरला. २००८ मध्ये ती श्रेणी जिंकून तिसरीत आला, त्याच वर्षी वेम्ब्लीवर लीग ट्रॉफीही जिंकली. २०१५ मध्ये दुसऱ्या श्रेणीत चढला, एका वर्षात परत खाली. २०१८ मध्ये पुन्हा चौथीत, २०१९ मध्ये पुन्हा तिसरीत, २०२३ मध्ये पुन्हा चौथीत. सापशिडीच म्हणा. प्रशिक्षक आले आणि गेले. मधल्या काळात एकाहून अधिक वेळा यालाच काळजीवाहू प्रशिक्षक म्हणून उभं केलं. घरातलं थोरलं माणूस जसं सगळ्यांच्या अडीअडचणीला धावतं, तसं.

एक रात्र मात्र अशी आली की सगळ्या जगाने बघितलं. २६ ऑगस्ट २०१४. लीग कपात मँचेस्टर युनायटेड मिल्टन कीन्सला आलं आणि ४-० असा मार खाऊन गेलं. यजमानांचा कर्णधार लुईंग्टन. दोन गोल विल ग्रिगचे, दोन बेनिक अफोबेचे. दुसऱ्या दिवशी त्या चार गोलांचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण समोरच्या बाजूला जे शून्य होतं, तेही कुणीतरी नव्वद मिनिटं राखलेलं होतं ना? त्या रात्री संघात डेले अली नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. काही महिन्यांत टॉटनमने त्याला ५० लाख पौंड मोजून घेतलं, आणि वर्ष संपायच्या सुमाराला तो इंग्लंडकडून खेळला. मुलगा वर गेला, आनंद आहे. कर्णधार खाली राहिला आणि पुढची दहा वर्षं त्याच मैदानावर उभा राहिला. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. आपण फोटो मात्र एकाच वाटेचे लावतो.

बचावपटूचं कामच असं की नीट झालं तर त्याची बातमी होत नाही. समोरचा विंगर कुठे पळणार हे ओळखून दोन पावलं आधीच तिथे जाऊन उभं राहायचं. शेजारच्या बचावपटूंच्या ओळीत ओळ ठेवायची, म्हणजे समोरचा ऑफसाइड सापडतो. स्वतःचा साथीदार पुढे धावला तर त्याची मोकळी जागा झाकायची. शंभर वेळा हे बरोबर केलं तर धावफलकावर शून्य. एकदा चुकलं तर गोल, आणि टीव्हीवर तेवढंच दहा वेळा दाखवतात.

आमच्या महिला मंडळात मी हे सांगत होते, तर एक मैत्रीण म्हणाली, "अक्का, हे म्हणजे अगदी आपल्या घरकामासारखंच की! केलेलं दिसत नाही, राहिलेलं तेवढं दिसतं." सगळ्या हसल्या, माना डोलावल्या. मला ही तुलना मुळीच मान्य नाही. ऐकायला गोड आहे, पण खोटी आहे, आणि अशा गोड तुलनांनीच आपलं नुकसान झालंय.

त्या बचावपटूला पगार असतो. करार असतो, त्यावर दोन्हीकडच्या सह्या असतात, किती तारखेपर्यंत ते लिहिलेलं असतं. त्याच्या मागे संघटना असते, तीही आजकालची नव्हे, १९०७ साली मँचेस्टरमध्ये स्थापन झालेली. ट्रॉलप १९६० मध्ये खेळायला लागले, तेव्हा इंग्लंडमध्ये कितीही चांगल्या खेळाडूला आठवड्याला २० पौंडांवर पगार द्यायचा नाही असा नियम होता. तो कुणाच्या दयेने उठला नाही. जिमी हिल यांच्या पुढाकाराने खेळाडूंनी संपाची तयारी केली, तेव्हा जानेवारी १९६१ मध्ये उठला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांचं काम मोजलं गेलं. कुणीतरी बसून प्रत्येक शनिवारचा संघ लिहून ठेवला, म्हणून ७७० हा आकडा आहे आणि म्हणून तो मोडताही आला. आमच्या भाकऱ्या कुणी मोजल्यात काय? न दिसणारं काम थोर असतं, असं म्हणून टाळ्या वाजवणं फुकटचं असतं. ते मोजणं आणि त्याचे पैसे देणं, याला खर्च येतो. इंग्लंडच्या खालच्या श्रेणीने तो खर्च केला. म्हणून मी त्या खेळाकडे बघते.

तिकडे सगळं सोन्याचं आहे, असा माझा दावा नाही. खालच्या श्रेणीतले करार पुष्कळदा एकदोन वर्षांचेच असतात. गुडघा गेला की पुढच्या उन्हाळ्यात काय, याची चिंता असते. १८९४ पासून लीगमध्ये असलेला बरी नावाचा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये पैशाच्या घोळामुळे लीगमधून काढून टाकला. नुकताच तो तिसऱ्या श्रेणीत चढला होता. खेळाडूंनी मैदानावर कमावलं आणि हिशेबाच्या वहीने घालवलं.

त्याहून गंभीर गोष्ट डोक्याची. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. स्मृतिभ्रंशासारख्या मेंदूच्या आजारांनी मरण येण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्य माणसांच्या साडेतीनपट निघालं. हे २०१९ मध्ये. २०२१ मध्ये त्यांनी जागेनुसार फोड केली. गोलरक्षकांना अशा आजारांचा धोका जवळजवळ सर्वसामान्य माणसांइतकाच, आणि बचावपटूंना सगळ्यांत जास्त, सुमारे पाचपट. त्याचं कारण म्हणून बोट दाखवलं जातं ते चेंडू डोक्याने मारण्याकडे. म्हणजे ज्याचं नाव बातमीत येत नाही, आजार मात्र त्याच्याच वाट्याला सर्वांत जास्त! त्यानंतर इंग्लंडमध्ये सरावात आठवड्याला जोराचे दहाच हेडर, अशी मर्यादा सुचवली गेली. उशीर झाला, पण झालं. आणि झालं ते मोजलं म्हणूनच. जिथे खेळाडूंची नोंदच नाही, तिथे कोण कशाने गेलं हे कसं कळणार?

आता आपल्याकडे या.

कोल्हापुरात फुटबॉलवर प्रेम कमी आहे, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ. सामना असला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात, पेठापेठांत ईर्षा पेटते. आमच्या माहेरच्या माणसांना कुठला सामना कुठल्या साली कुणी जिंकला, हे पाठ. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, केवढा अभिमान! पण अनिकेत पुढच्या फळीचा. मागच्या फळीतल्या मुलांनी पुढे काय करायचं? बेळगावातही टिळकवाडीपासून कॅम्पापर्यंत पोरं खेळतात, झकास खेळतात. विशी ओलांडली की एकेक गळतो. कुणी दुकानात बसतो, कुणी फायनान्स कंपनीत चिकटतो, कुणी पुण्याला जातो. मग आपण म्हणतो, पोरांत चिकाटी नाही. अहो, चिकटायला पायरी तरी हवी ना!

इथे मला एक योगायोग सांगायचाच आहे. इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली १८८८ मध्ये, बारा क्लबांवर. आपल्याकडचा ड्युरँड कप सिमल्यात सुरू झाला तोही १८८८ मध्येच. दोघांचं वय एकच. फरक एवढाच की त्यांनी लीग उभी केली, आपण कपांवर कप भरवत गेलो. कप म्हणजे जत्रा. चार दिवस पाळणे फिरतात, पाचव्या दिवशी मैदान रिकामं. लीग म्हणजे संसार. ४६ सामने असतील तर ४६ आठवड्यांचं नाही तरी दहा महिन्यांचं वेतन ठरतं. आणि बचावपटूची किंमत संसारातच कळते. जत्रेत गोल मारणाराच डोळ्यांत भरतो.

गोव्याने ही पायरी बांधली होती. डेम्पोने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. महेश गवळी, समीर नाईक हे त्या काळातले भक्कम बचावपटू, दोघेही भारताकडून खेळलेले. साळगावकर होता, स्पोर्टिंग होता. उद्योजकांच्या घराण्यांनी क्लब सांभाळले, पोरांना महिन्याला पगार मिळाला. मग २०१४ मध्ये झगमगाटाची नवी लीग आली. तिच्यात खालून वर जायला सुरुवातीला वाटच नव्हती. जुन्या आय-लीगला दुय्यम ठरवण्याचा घाट दिसल्यावर २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीग सोडली. वरचं दार पहिल्यांदा उघडलं ते २०२३ मध्ये, पंजाबच्या एका संघासाठी. डेम्पो परत आला, पण २०२४ मध्ये, खालच्या श्रेणीतून चढून. मधली आठ वर्षं गेली. एका बचावपटूच्या कारकिर्दीतली आठ वर्षं म्हणजे किती, हे ज्यांनी निर्णय घेतले त्यांनी स्वतःला विचारावं. वरच्या मजल्याला रंग लावताना जिना काढून नेला, असा हा कारभार.

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं. "वहिनी, इंग्लंडकडे पैसा आहे. आपली तुलना करू नका." खोटं! २० पौंडांची मर्यादा होती तेव्हाही तिथे लीग होती, चारही श्रेणी होत्या. पैसा नंतर आला, पायऱ्या आधी होत्या. आणि पैशाचं म्हणाल तर आपल्याकडेही तो दिसतो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या स्पर्धेला लाखालाखाची बक्षिसं लागतात, कमानी उभ्या राहतात, आतषबाजी होते, डॉल्बी दणाणते. तोच पैसा वर्षभर वाटून पंधरा पोरांच्या हातात महिन्याला ठेवा म्हटलं, की सगळ्यांचे खिसे शिवलेले. बक्षीस देताना फोटो निघतो; पगार देताना निघत नाही, हे खरं कारण आहे.

दुसरं उत्तर आईबापांचं. "वर जाईल याची गॅरंटी काय?" मी विचारते, इंजिनियरिंगला घातलेल्या पोराची तरी काय गॅरंटी असते? तिथे तुम्ही "मधल्या दर्जाची का होईना, नोकरी तर लागेल" म्हणता. म्हणजे मधला दर्जा तुम्हाला तिथे चालतो. बँकेतला कारकून मॅनेजर झाला नाही म्हणून तुम्ही त्याला वाया गेलेला म्हणत नाही. शिक्षक मुख्याध्यापक झाला नाही तरी त्याच्या निवृत्तीला हार घालता. खेळाडू आणि कलाकार मात्र एकदम शिखरावर हवेत, नाहीतर घरी बसावेत! ही कुठली मोजपट्टी?

म्हणून माझं सांगणं अगदी साधं आहे, आणि ते कोल्हापूर, बेळगाव, गोवा तिन्हीकडच्या क्रीडा संघटनांना, व्यापाऱ्यांना आणि घरच्यांनाही आहे. चार नव्या स्पर्धा भरवण्यापेक्षा सहासात महिने चालणारी एक लीग नीट चालवा, आणि तिच्या खाली चढ-उताराची आणखी एक. जिथे मानधन ठरतं, तिथे ते कागदावर ठरू द्या, आणि दुखापत झाली तर खर्च कुणाचा, तेही त्याच कागदावर येऊ द्या. प्रत्येक सामन्याचा संघ लिहून ठेवा. कोण किती सामने खेळला, हे पंधरा वर्षांनी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. कोवळ्या पोरांच्या सरावात डोक्याने चेंडू मारण्याला आळा घाला. यात अवघड काय आहे? एक वही, एक पेन आणि दर महिन्याला शब्द पाळणारा एक खजिनदार एवढंच सुरुवातीला लागतं.

आणि शेजारच्या गल्लीत एखादा पस्तिशीचा गडी अजून मागच्या फळीत उभा राहून खेळत असेल, तर त्याला "कुठपर्यंत गेलास रे?" म्हणून विचारू नका. किती सामने झाले, ते विचारा. त्याला ठाऊक नसेल, कारण कुणी मोजलेच नाहीत. मग ज्यांनी मोजायचे होते त्यांच्या दारात जा आणि जाब मागा.